बार बंद, पण कुठला?

भाचीने एका जुन्या इंग्रजी अहवालातली ओळ मोबाइलकडून मराठीत करून घेतली. ‘पावसाळ्यात आग्वादचा मद्यालय बंद असते,’ असं काहीतरी उमटलं. ती चकित. “मामा, ऐन पावसात धंदा बंद ठेवणारा हा कोण?” गोव्यात हा प्रश्न साधा नव्हे.

अहवालातला बार पाण्याखाली होता. मांडवी नदी आग्वादपाशी समुद्राला भिडते तिथे तिचा वेग मरतो, गाळ खाली बसतो, लाटा वाळू लोटतात आणि मुखाशी वाळूचा दांडा तयार होतो. इंग्रजीत तो सँड बार. पावसाळ्यात त्या उथळ जागी लाटा अशा फुटतात की खनिजाने भरलेल्या बार्जेस, म्हणजे मालवाहू होड्या, तिथून नेणं धोक्याचं. मग त्या कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारी नदीत उतरून मुरगाव बंदर गाठायच्या.

मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला: आडवा दांडा, अडसर. कोर्टातल्या कठड्यावरून वकिलांचं बार काउन्सिल आलं, पेले सरकवायच्या फळीवरून दारूचा बार. तुरुंगाचे गज आणि साबणाची लांब वडी त्याच घराण्यातली. हवेचा दाब ज्यात मोजतात तो मिलिबार मात्र नावापुरता भाऊबंद. तो ‘वजन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला.

इतक्या अर्थांतून नेमका एक निवडायचा कसा? शेजार बघून. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हेच मांडलं: शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. (हे गृहस्थ १९१९ ते १९२८ लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.) आपल्याकडे ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही तरी गुण लागतो, शब्दांना तर वाणही लागतो. पुढे १९९३ साली डेव्हिड यारोव्स्की यांनी संगणकावर पडताळून पाहिलं. दोनच अर्थांतून निवड करायची असेल, तर ठराविक शब्दाच्या जोडीला आलेला शब्द ९० ते ९९ टक्के वेळा एकाच अर्थाने येतो, असं त्यांना आढळलं.

पण सगळे शेजारी सारखे बोलके नसतात. ‘सँड’, ‘चॉकलेट’, ‘काउन्सिल’ यांच्यापैकी एक जरी खेटून बसला तरी शंका उरत नाही. ‘बंद’ मात्र दोन्ही घरचा पाहुणा: दारूचा बारही बंद होतो, नदीमुखाचाही. मोबाइल तिथेच घसरला.

आपला मराठी बार काही कमी नाही. लग्नाचा बार उडतो, तंबाखूचा भरतात, आणि फुसका निघाला की त्याच्याबरोबर माणसाचीही शोभा होते. यातलं क्रियापद बदलून बघा, ऐकणारा लगेच थबकेल.

भाचीने मग त्या ओळीच्या आधीचं, बार्जेसचं वाक्यही मोबाइलला दिलं. या खेपेला वाळूचा दांडा आला.