पोथी धडधाकट, रहस्यकथा खलास

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या खोक्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, घराण्यातली हस्तलिखित पोथी. शेवटच्या पानावर शके १७२०. दुसरी, सातवीत असताना रद्दीवाल्याकडून आठ आण्यांना आणलेली, खिशात मावणारी रहस्यकथा. पोथीचं पान वाकवलं, काही झालं नाही. रहस्यकथेत मात्र खुनी सापडतो त्या पानाचा कोपरा दुमडला, तर तो पापडासारखा मोडून हातात आला.

"देवाचं आहे ते, टिकणारच," काकू म्हणाल्या. त्याच खोक्यात स्तोत्रांची एक छापील पुस्तिका होती, तिचाही भुगा झालेला. ती मी मुकाट्याने त्यांच्यापुढे धरली.

फरक कागदाच्या जातीत आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या गावांत हातकागद व्हायचा तो चिंध्या आणि तागापासून. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ज्याच्या तंतूंचा कागद होतो तो पदार्थ. शिवाय कागद करणारे जुने कारागीर लगद्यासाठी चुना वापरत. तो थोडाफार कागदात राहून जाई. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलरने लाकूड फिरत्या दगडावर घासून लगदा काढला आणि कागद स्वस्त झाला. रहस्यकथा, क्रिकेट शिकवणाऱ्या पुस्तिका, विणकामाचे नमुने हे सगळं चिल्लरीत मिळू लागलं ते या कागदाच्या जिवावर. आपल्याकडे नेपानगरची न्यूजप्रिंट गिरणी १९५६ मध्ये सुरू झाली.

पण लाकडात साधारण पाव हिस्सा लिग्निन असतं, म्हणजे लाकडाचे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. प्रकाश आणि ऑक्सिजन मिळाला की ते पिवळं पडतं. म्हणून पानाच्या कडा आधी पिवळ्या, मधला भाग उशिरा. पिवळेपणा आणि ठिसूळपणा एकच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. कागद मोडतो तो मुख्यतः आम्लामुळे, आणि ही भानगड मला फार आवडते.

शाई टीपकागदासारखी पसरू नये म्हणून कागदाला खळ लागते. १८०७ मध्ये इलिगने राळ आणि तुरटी वापरून ती लगद्यातच घालायची युक्ती काढली. पुढे गिरण्या तुरटीऐवजी ॲल्युमिनियम सल्फेट वापरू लागल्या. हवेतल्या दमटपणाशी गाठ पडली की त्यातून आम्ल तयार होतं. आता सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. दोन मण्यांना एक ऑक्सिजन जोडतो; त्या जोडाला बीटा-१,४ ग्लायकोसिडिक बंध म्हणतात. आम्लातला प्रोटॉन त्या ऑक्सिजनला चिकटतो, बंध सैल पडतो, पाण्याचा रेणू मध्ये घुसतो आणि माळ तुटते. गंमत पुढे आहे: काम झाल्यावर प्रोटॉन सुटून पुन्हा मोकळा! स्वतः खर्च होत नाही, पुढचा बंध गाठतो. वर कागद कुजताना फॉर्मिक, ॲसिटिक ही नवी आम्लंही तयार होतात, म्हणजे मोडतोड स्वतःचाच वेग वाढवते. माळेत हजारो मणी असताना दोन-चार तुटींनी काही बिघडत नाही, धागे एकमेकांत गुंतलेले राहतात. तुकडे फार आखूड झाले, की घडी घातल्याबरोबर पान मोडतं. बाहेरून पाहून हे कळत नाही; पान वाचता येतं, दुमडता येत नाही. पोथीत आम्ल कमी, आणि जे तयार होतं ते चुना गिळतो.

जुन्या पुस्तकाचा तो वास? लिग्निनमधून येणारं व्हॅनिलिन, सेल्युलोज आणि त्याच्या भाऊबंदांमधून येणारं फरफ्युरल, आणि थोडं व्हिनेगर. त्या वासाची अत्तरंही हल्ली मिळतात. हुंगा खुशाल, पण आपण हुंगतोय ते पुस्तकाचं कुजणं आहे.

कोपरा मी सेलोटेपने चिकटवला नाही; त्याचा गोंद कागदात मुरतो आणि तपकिरी डाग पडतो. तुकडा पाकिटात घालून त्याच पानाशी ठेवलाय. खोकं मात्र पत्र्याखालच्या माळ्यावरून खालच्या कपाटात आणलं. तापमान दहा अंशांनी उतरलं, तर ही तोडफोड निदान निम्म्यावर येते.