चुना वाळत नाही

लोहगडावर दर्ग्याच्या बाहेर चुन्याची घाणी आहे. तिथे एक गृहस्थ मुलांना सांगत होते, "यात गूळ घालायचे, म्हणून चुना वाळून दगडासारखा व्हायचा." गूळ घालत असत, हे खरं. वाळण्याचं मात्र साफ चूक. आणि 'दगडासारखा' तरी का म्हणायचं? भट्टीत जो दगड भाजला, भिंतीत पुन्हा तोच तयार होतो.

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की 100 किलोतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. कळीवर पाणी ओतलं की ती तापते, वाफा सोडते, फुटून भुगा होते. 18 किलो पाणी पिऊन झाला 74 किलो विरलेला चुना. तो वाळूबरोबर मळून भिंतीत गेला की हवेतून 44 किलो वायू परत घेतो, पाणी सोडतो आणि चुनखडी होतो. सह्याद्रीच्या बेसाल्टात चुनखडीचे थर नाहीत, म्हणून घाटावर काळ्या मातीतले चुनखडे भाजत, कोकणात शिंपले. रसायन तेच.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ती दुधाळ केली होती ना? भिंतीतही तेच घडतं, फक्त फार सावकाश. का, ते पाहण्यासारखं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड कोरड्या चुन्याला नुसता भिडून भागत नाही. आधी तो छिद्रांतल्या पाण्याच्या पातळ थरात विरघळतो आणि त्याचे कार्बोनेट आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण होतात. चुनाही थोडाथोडा विरघळून कॅल्शियम आयन सोडतो. दोघांची गाठ पडली की कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीचाच स्फटिक. गिलावा ठणठणीत कोरडा पडला, तर हे थांबतं. छिद्रं पाण्याने गच्च भरली, तरी थांबल्यासारखंच, कारण पाण्यातून हा वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणून गिलावा ओलसर हवा, चिंब नको. त्यात हवेत हा वायू असतो जेमतेम 0.04 टक्के, आणि बाहेरचा थर पक्का झाला की आतली वाट लांबते. पक्क्या थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाने वाढते. पहिल्या सेंटिमीटरला जितका काळ लागला, दोन सेंटिमीटरला त्याच्या चौपट. जाड भिंतीच्या गाभ्यात काम वर्षानुवर्षं चालू राहतं. गिलाव्याच्या ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलिन टाका, हे विरलेल्या चुन्यावर गुलाबी होणारं रसायन. गुलाबी दिसला तो अजून चुना, रंग आला नाही तिथे दगड झालाय.

गुळाचं काय? साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो. हे हुशारीचं कारागीर ज्ञान आहे, 'हरवलेलं रहस्य' वगैरे नाही. तसंच 'चुना हवेतला कार्बन शोषतो, म्हणून पर्यावरणाला तारक' ही जाहिरातही अर्धीच. तो परत घेतो ते भट्टीत त्यानेच सोडलेलं. जळणाचा धूर कोण परत घेणार?

शेतीत चुना जपून वापरावा. कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल जमिनीला तो मानवतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात टाकलात तर नुकसानच. तिथे मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि भुईमुगाची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. पिकांवरच्या बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणाची गोष्ट वेगळी. 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. इथे चुना मोरचुदाची आम्लता मारतो, नाहीतर पानंच करपतील.

राहता राहिला 'रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, सत्तर आजार पळवा' हा फिरता संदेश. विरलेल्या चुन्याच्या निवळीचा सामू (pH) 12च्या वर, म्हणजे ती तीव्र अल्कली असते. पान खाणाऱ्यांच्या जिभा त्याने भाजतात, आणि तंबाखूत तो घालतात कारण त्याने निकोटिन मोकळं होऊन रक्तात लवकर उतरतं. कॅल्शियम हवं असेल तर 100 ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. आणि चुन्याची पुडी पोरांच्या हाती देऊ नका. दाबली की फुटते, थेट डोळ्यात उडते. तसं झालंच तर डोळा चोळायचा नाही. आधी भरपूर पाण्याने धूत राहायचं, मग तडक डॉक्टरकडे.