सुनील-सुशील आणि कृष्णा-क्रुष्णा: यादीतली नावं जुळवताना अक्षरं मोजायची की आवाज?

केळीच्या पीकविम्याची यादी घ्या, ठिबकच्या अनुदानाची घ्या, नाहीतर विकास सोसायटीच्या सभासदांची. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कुठल्याही दोन याद्या शेजारी शेजारी उघडल्या की एकच माणूस दोन नावांनी भेटतो. इकडे 'सोनवणे', तिकडे 'सोनावणे'. इकडे 'वळवी', तिकडे 'वलवी'. एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं एक्सेलचं व्हीलूकअप सूत्र लावलं की निम्म्या ओळींत 'एन/ए', म्हणजे 'सापडलं नाही', असं दिसतं, आणि मग कुणीतरी सल्ला देतं: "फझी मॅच कर ना," म्हणजे तंतोतंत नाही, जवळपास सारखं शोध.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. 'फझी' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या रीती चालतात. एक रीत दोन नावांमधली अक्षरं किती बदलावी लागतील ते मोजते. दुसरी प्रत्येक नावाच्या उच्चारावरून एक संकेत बनवते आणि संकेत सारखा आला की नावं सारखी धरते. दोन्ही 'जवळपास सारखं' असाच निकाल देतात, म्हणून लोक त्यांना एक समजतात. प्रत्यक्षात एकीला जे सारखं वाटतं ते दुसरीला परकं वाटतं.

अक्षरं मोजण्याची रीत लेव्हेनश्टाइन अंतर म्हणून ओळखली जाते. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं ती १९६५ साली मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती वेळा एखादं चिन्ह घालावं, काढावं किंवा बदलावं लागतं, तेवढं अंतर. देवनागरीत इथंच एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपण 'पाटील' तीन अक्षरी म्हणतो, संगणक पाच मोजतो: प, काना, ट, वेलांटी, ल. मात्रा, अनुस्वार, अगदी जोडाक्षरातला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) सुद्धा वेगळा धरला जातो. एक्सेलमध्ये लांबी मोजणारं 'लेन' सूत्र लावून पाहा, 'सूर्यवंशी'चे नऊ येतील.

आता हिशेब करू. 'भिरूड' आणि 'भिरुड' यांत अंतर एक. छान. 'सुनील' आणि 'सुशील' यांतही अंतर एकच. 'राजेश' आणि 'राकेश', पुन्हा एक. आणि 'कृष्णा' विरुद्ध 'क्रुष्णा'? ऐकायला एकच नाव, पण एका ऋकाराच्या जागी हलन्त, र आणि उकार अशी तीन चिन्हं बसतात, म्हणून अंतर तीन. 'रमेश' आणि 'सुरेश' यांतलं अंतरही नेमकं तीन.

लांबीनं भागून टक्के काढले तरी दुखणं जात नाही. सुनील-सुशील पाचपैकी चार जुळतात, म्हणजे ८० टक्के. कृष्णा-क्रुष्णा आठपैकी पाच, म्हणजे ६२.५ टक्के. ८० ची रेघ मारली, म्हणजे ८० टक्के किंवा जास्त जुळलं की एकच नाव धरलं, तर दोन वेगळे भाऊ एक होतात आणि एक कृष्णा दोन ठिकाणी विभागला जातो. पीकविम्याच्या यादीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

मग ही रीत टाकाऊ का? मुळीच नाही. ती बोटाच्या चुकांसाठी आहे. फ्रेड डॅमेराऊ यांनी १९६४ साली दाखवलं होतं की स्पेलिंगच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त चुका एकेरी असतात: एक अक्षर चुकलेलं, एक गळलेलं, एक जास्तीचं, किंवा शेजारची दोन अक्षरं उलटलेली. टायपिंग करणाऱ्याचं बोट घसरलं आणि 'महाजन'चं 'महाजम' झालं, 'नारखेडे'तला 'र' गळून 'नाखेडे' उरलं, तर ते हीच रीत पकडते. उच्चाराचा संकेत तिथं कामाचा नाही, कारण एखादं व्यंजन बदललं किंवा गळलं की बहुधा संकेतही बदलतो.

आता उच्चाराची रीत. तिचं सर्वांत जुनं आणि आजही चालणारं रूप म्हणजे साउंडेक्स. रॉबर्ट रसेल यांनी अमेरिकेत १९१८ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढे तिथल्या जनगणनेच्या नोंदींची आडनाववार सूची करायला त्याचीच थोडी सुधारलेली आवृत्ती वापरली गेली. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना सहापैकी एक अंक द्यायचा, आणि एकूण चार जागांचा संकेत करायचा. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर यांसारख्या डेटाबेसमध्ये तो तयार मिळतो. एक्सेलमध्ये तयार सूत्र नाही.

इंग्रजी लिपीतल्या 'चौधरी'वर तो झकास चालतो. कुणी 'सी एच ए यू' लिहो, कुणी 'सी एच ओ यू', शेवटी 'आय' असो की 'वाय', संकेत येतो सी-३६०. इथपर्यंत पाहिलं की माणूस खूश होतो आणि अख्ख्या यादीवर साउंडेक्स लावून मोकळा होतो.

मग 'व' येतो. आपला 'व' इंग्रजीत कुणी 'व्ही'नं लिहितं, कुणी 'डब्ल्यू'नं. साउंडेक्सच्या नियमात 'व्ही'ला १ हा अंक आहे, आणि 'डब्ल्यू' स्वरांबरोबर गाळला जातो. परिणाम असा की 'सोनवणे' डब्ल्यूनं लिहिलं तर एस-५५०, व्हीनं लिहिलं तर एस-५१५. 'गावित'चे जी-३०० आणि जी-१३०. 'वळवी'चं तर पहिलंच अक्षर वेगळं, त्यामुळे संकेत जुळण्याचा प्रश्नच येत नाही. नंदुरबारच्या यादीतून वळवी, वसावे, पाडवी, गावित, पावरा ही आडनावं काढा, किती ओळी उरतील? उच्चारासाठी म्हणून आणलेली रीत आपल्या नेमक्या त्याच उच्चाराला अडखळते. अक्षरं मोजणाऱ्या रीतीला मात्र व्ही आणि डब्ल्यूचा फरक म्हणजे फक्त एक पाऊल.

साउंडेक्सचा दोष असा नाही की तो वाईट आहे. तो इंग्रजी कानासाठी बनवलाय. आपल्याला आपल्या कानाचा संकेत लागतो, आणि तो बनवणं वाटतं तितकं अवघड नाही. नावाच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना घ्यायचा आणि त्यात एका अक्षराच्या जागी दुसरं बसवणारी सबस्टिट्यूट सूत्रं एकात एक गुंफायची: ण चा न, ळ चा ल, श आणि ष चा स, दीर्घ ई-ऊ चे ऱ्हस्व, ऋकाराच्या जागी हलन्त-र-उकार, आणि न् किंवा म् च्या जागी अनुस्वार. एवढं केलं की कृष्णा आणि क्रुष्णा एकच होतात, सूर्यवंशी आणि सुर्यवन्शी एकच होतात, वळवी-वलवी एक होतात. सुनील आणि सुशील वेगळेच राहतात, कारण न आणि श हे कानाला वेगळे आहेत.

ळ-ल, ण-न या जोड्या आपल्या याद्यांत एवढ्या का सापडतात, याचं एक कारण यंत्राचं आहे. नाव आधी इंग्रजीत भरलं जातं आणि नंतर कुठलंतरी सॉफ्टवेअर ते पुन्हा मराठी करतं. इंग्रजीत ट आणि त एकच, ड आणि द एकच, ठ आणि थ एकच. म्हणून 'तळोदा'चा 'तलोदा' होतो, 'भिरूड'चा 'भिरुद', 'नारखेडे'चे 'नारखेदे'. यादी असा फेरा मारून आलेली दिसली तर ट-त, ठ-थ, ड-द, ढ-ध याही जोड्या संकेतात एक करायच्या. थेट मराठीत भरलेली असेल तर करू नका, उगाच वेगळी नावं चिकटतील. बोलण्यातल्या 'ळ'च्या 'य'चं काय, असं कुणी विचारेल. आपण जळगावचं जयगाव आणि केळीची केयी सर्रास करतो. पण लिहिणारा लिहिताना बहुधा 'ळ'च लिहितो, आणि य-ळ एक केले तर फायद्यापेक्षा घोटाळा जास्त होईल. मी ती जोडी संकेतात घेत नाही.

आणि एक मोह टाळायचा: साउंडेक्सचं पाहून सगळ्या मात्रा गाळायच्या. 'पवार' आणि 'पावरा' यांच्या मात्रा काढा, दोन्हीकडे प-व-र उरतं. पावरा हा सातपुड्यातला आदिवासी समाज. पवार हे आडनाव राज्यभर पसरलेलं. जमातीच्या योजनेच्या यादीत हे दोन एकमेकांत मिसळले तर निस्तरता निस्तरत नाही. इंग्रजीत लिहिलेल्या यादीत तर धोका दुप्पट, कारण शेवटच्या एका 'ए'चा फरक, म्हणजे अंतर एक, आणि डब्ल्यूनं लिहिलं तर दोघांचाही साउंडेक्स पी-६००. पाटील आणि पटेल यांचंही तेच: इंग्रजीत अंतर एक, साउंडेक्स दोघांचा पी-३४०. गुजरात हाकेच्या अंतरावर असलेल्या शहादा-नंदुरबार पट्ट्यात ही दोन्ही आडनावं आहेत, तेव्हा अशा जोड्यांची एक 'कधीच एक करू नये' अशी यादी हातानं बनवून ठेवावी. वसावे आणि वसावा यांचं मात्र उलटं: सीमेच्या अलीकडे एक रूप, पलीकडे दुसरं, आणि माणूस एकच असू शकतो. ते कुठलंही सूत्र ठरवून देणार नाही.

दोन्ही रीतींचा स्वभावही वेगळा आहे, आणि काम करताना तो जाणवतो. संकेत हा प्रत्येक नावाचा स्वतःचा असतो. एकदा रकान्यात बसला की साधं व्हीलूकअप, पिव्होट, सॉर्ट, सगळं त्यावर चालतं. अंतर मात्र जोडीचं असतं. पाच हजार नावांची एक यादी आणि पाच हजारांची दुसरी म्हणजे अडीच कोटी जोड्या. शीट गोठून बसते. शिवाय अंतराची साखळी होते. सुनील-सुशील एक पाऊल, सुशील-सुशीला एक पाऊल. एकाला एक जोडत गेलात तर सुनील आणि सुशीला एकाच गटात जाऊन बसतात. संकेतात असं होत नाही. सारखा म्हणजे सारखा, नाही म्हणजे नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी संकेत लावून जे जुळेल ते जुळवायचं. उरलेल्यांना तालुका आणि गावानुसार वाटून, फक्त त्या त्या गावातल्या नावांमध्ये अंतर मोजायचं. अंतर एक-दोन आलं म्हणजे जुळलं असं नाही. ती फक्त 'तपासायची' जोडी. वडिलांचं नाव किंवा गट क्रमांक पाहून माणसानं निकाल द्यायचा. आखूड नावांत तर एक-दोनचं अंतरसुद्धा फार: 'शिंदे' आणि 'शिंपी' फक्त दोन पावलं दूर आहेत. आणि आडनाव जुळण्याला फार भाव देऊ नका. जळगाव जिल्ह्यात 'पाटील' जुळणं म्हणजे काहीच न जुळल्यासारखं. एखादं विरळ आडनाव जुळलं तर ते खरं वजनदार. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ साली नोंदी जुळवण्याचा जो सिद्धांत मांडला, त्यात दुर्मीळ गोष्ट जुळली तर तिला जास्त वजन मिळतं ते याच कारणानं.

हे सगळं हातानं करायचं नसेल तर ओपनरिफाइन हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात दोन्ही कुळं शेजारी शेजारी दिसतात: संकेतावर गट पाडणारी वेगळी, अंतरावर पाडणारी वेगळी. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या याद्या जोडायच्या साधनातलं फझी मर्ज मात्र या दोन्हींत बसत नाही. ते जॅकार्ड नावाच्या मापानं किती भाग सामाईक आहे ते पाहतं, आणि रेघ आपण बदलली नाही तर ०.८० ला असते. आणि व्हीलूकअपच्या शेवटी 'ट्रू' लिहिलं, किंवा काही लिहिलंच नाही, की 'अप्रॉक्झिमेट मॅच' होतो, त्याला फझी समजू नका. क्रमानं लावलेल्या यादीत दिलेल्या किमतीच्या बरोबरीची किंवा लगेच खालची किंमत तो उचलतो. मार्कांच्या श्रेणीला, कराच्या टप्प्यांना ते ठीक. 'सोनवणे'ला कुणाचंही नाव चिकटवून तो शांत बसतो, 'एन/ए'सुद्धा सहसा देत नाही.

शेवटी काही फरक असे आहेत की ते अक्षराचेही नाहीत आणि आवाजाचेही नाहीत. 'पाटील रमेश दगडू' आणि 'रमेश दगडू पाटील' यांतलं अंतर प्रचंड. आधी शब्द वर्णक्रमानं लावून घेतले की शून्य. 'रमेशभाऊ', 'रमेश आप्पा' यांतले भाऊ, आप्पा, नाना काढावे लागतात, पण 'भाऊसाहेब' आणि नुसता 'नाना' ही इथं खरी नावंही आहेत, तेव्हा सरसकट फाइंड-रिप्लेस चालवू नका. 'ऱ्ह' लिहायचेही युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत, दोन मार्ग आहेत, डोळ्यांना एक दिसणारे 'कुऱ्हे' संगणकाला दोन वाटू शकतात. आणि भुसावळ तालुक्यातलं कुऱ्हे व मुक्ताईनगर तालुक्यातलं कुऱ्हा ही खरोखरच दोन गावं आहेत. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद, आणि जुन्या याद्यांत ते तसंच आहे. अक्राणी तालुक्याला लोक धडगाव म्हणतात. या जोड्यांसाठी दोन रकान्यांचं एक साधं शीट लागतं, डावीकडे सापडणारं नाव, उजवीकडे आपण ठरवलेलं. पॉवर क्वेरीच्या फझी मर्जमध्ये असं शीट जोडायची सोय आहे. 'फ्रॉम' आणि 'टू' अशी रकान्यांची नावं मात्र नेमकी तीच द्यावी लागतात.