गंज आतून येतो, मळ बाहेरून बसतो

मालगाडीच्या डब्याचं मॉडेल कुणी दाखवायला आणलं की मी आधी ते उलटं करून बोगी बघतो. बोगी म्हणजे चाकं, स्प्रिंगा आणि ब्रेक धरणारा सांगाडा. अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणायची आपली सवय मॉडेलच्या टेबलावर तरी बाजूला ठेवावी. बहुतेक वेळा त्या बोगीवर एकच नारिंगी-तपकिरी रंग फासलेला असतो. तोच डब्याच्या कडांना, तोच दारांना, तोच डबे जोडणाऱ्या कपलरला. विचारलं की उत्तर ठरलेलं: "गंज दाखवलाय भाऊ."

त्यातला बराचसा गंज नसतोच, मळ असतो. ब्रेकची भुकटी, गिट्टीची धूळ, ग्रीसचा चिकटा, कोळशाची पूड. गंजही तपकिरी आणि हा मळही तपकिरी, म्हणून दोघांना एकाच बाटलीतून रंगवलं जातं. चांगला हात असलेली, नळ्या आणि शिड्या केसाएवढ्या बारीक बनवणारी माणसंही इथे घसरतात. महिनाभर खपून बनवलेला डबा शेवटच्या तासाभरात भंगारात टाकल्यासारखा दिसू लागतो, ते बघवत नाही.

गंजाबद्दल नागपूरकराला फार सांगायला नको. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर बाहेर काढताना टाकीच्या तळाशी, पायांच्या सांध्यात आणि मागच्या वर्षी खरचटलेल्या जागी काय झालेलं असतं ते घरोघरी पाहिलेलं आहे. आधी रंगाला फोड येतो, फोडाचे पोपडे होतात, पोपडा पडला की खाली खरबरीत, काळपट तपकिरी खड्डा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला खालून ढकलत वर येतो. जिथे पाणी साठतं आणि जिथे रंग फुटलेला असतो, तिथेच तो सुरू होतो. मॉडेलसाठी गंजाचं एवढं ज्ञान पुरतं.

मळाचं तसं नाही, कारण त्याच्याकडे कुणी नीट बघतच नाही.

गाडी थांबताना ब्रेकचा ब्लॉक चाकाच्या कडेवर दाबला जातो आणि दोघंही थोडे थोडे झिजतात. जुन्या काळी हे ब्लॉक बिडाचे असत. त्यांची भुकटी म्हणजे लोखंडाचीच पूड, आणि इतकी बारीक पूड हवेत लगेच तांबूस होते. घोळाचं मूळ इथेच आहे. बिडाच्या ब्लॉकची ती भुकटी म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत गंजच, पण ती बोगीच्या लोखंडातून आलेली नाही. ती उडून येऊन बोगीच्या रंगावर बसलेली आहे आणि खाली रंग शाबूत आहे. आता कॉम्पोझिशनचे, म्हणजे मिश्र पदार्थ दाबून बनवलेले ब्लॉक असतात, त्यांची भुकटी जास्त करडी, काळपट. म्हणजे तुमचं मॉडेल कोणत्या काळातलं आहे त्यावर बोगीचा तपकिरी रंग ठरतो. १९७० च्या काळातला डबा आणि आजचा बॉक्सएन, म्हणजे कोळसा वाहणारा उघडा डबा, यांच्या बोग्या एकाच रंगात रंगवणं मला पटत नाही.

माझ्या मामांनी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांची तपासणी-दुरुस्ती करणाऱ्या खात्यात, उभी हयात काढली. मी पहिल्यांदा बॉक्सएन बनवला तेव्हा त्यांना मोठ्या हौसेनं नेऊन दाखवला. पत्र्याच्या खालच्या कडेला मी ओळीनं नारिंगी ठिपके दिले होते. त्यांनी चष्मा वर केला, डबा नाकाजवळ धरला आणि म्हणाले, "अरे, हा डबा सिक करावा लागेल. इतका पत्रा खाल्लाय तर कोळसा सांडत जाईल." ते थट्टा करत नव्हते. दुरुस्तीला बाजूला काढलेल्या डब्याला रेल्वेत सिक म्हणतात, आणि ते माझा डबा खऱ्या डब्यासारखाच तपासत होते. मग त्यांनी बोट ओलं केलं आणि हवेत पुसल्यासारखं करून सांगितलं: बोटानं पुसून जातं तो मळ. पुसून जात नाही आणि बोटाला खरबरीत लागतं तो गंज. तेव्हापासून मी प्रत्येक डाग रंगवण्याआधी मनात तो बोटानं पुसून बघतो.

त्यानंतर आकाराचा विचार करा. एच-ओ स्केल म्हणजे १:८७. (एच-ओला गेज म्हणू नका. स्केल म्हणजे किती पट लहान, गेज म्हणजे रुळांमधलं अंतर. विषय संपला.) या मापात कपलरपासून कपलरपर्यंत १०,७१३ मिलिमीटरचा बॉक्सएन साधारण १२३ मिलिमीटरचा होतो. म्हणजे ब्रशच्या टोकाचा एक मिलिमीटरचा ठिपका खऱ्या डब्यावर पावणेनऊ सेंटिमीटरचा झाला. तळहाताएवढा गंजाचा खड्डा! असे वीस खड्डे एका बाजूला असलेला डबा धावत्या रेकमध्ये, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या रांगेत, कुणी लावणार नाही. मळ मात्र हातभर पसरला तरी कुणाला वावगं वाटत नाही, कारण मळ पसरूनच असतो. त्याला कडा नसते. चाकाजवळ दाट, वर जाताना विरळ, कंबरपट्टीपर्यंत पोचेतो नुसती छटा. गंजाला कडा असते, मधोमध गडद गाभा असतो आणि त्या जागी तो का आला याचं कारण असतं. कारण सांगता येत नसेल तर तो ठिपका देऊ नये.

अक्षरं बघितली तरी फरक दिसतो. डब्यावरचा पांढरा नंबर मळाखाली मंद होतो, पण सलग वाचता येतो. गंज आला तर नंबरच तुटतो, कारण अक्षराखालचा रंगच उचलला गेलेला असतो. सलग, शाबूत नंबरावरून आरपार गेलेला गंजाचा डाग मी कितीतरी मॉडेलवर पाहिला आहे.

आता जिथे चांगले चांगले फसतात ती गोष्ट: पावसाचे ओघळ.

पाऊस दोघांवरही पडतो, पण उलटं काम करतो. गंजावरून पाणी वाहिलं की ते गंज सोबत घेऊन खाली उतरतं, म्हणून ओघळ आजूबाजूच्या रंगापेक्षा गडद किंवा तांबडा दिसतो. वर गाभ्याशी ठळक, खाली शेपटीसारखा निमुळता. मळावरून पाणी वाहिलं की ते मळ धुऊन नेतं. म्हणजे ओघळाच्या जागी मूळ रंग उघडा पडतो आणि ओघळ आजूबाजूपेक्षा उजळ, स्वच्छ दिसतो. धुऊन गेलेला मळ खालच्या आडव्या पट्टीवर साठतो आणि तिथे गडद रेघ उमटते. जून-जुलैत नागपूरच्या अजनी पुलावर उभं राहून खाली थांबलेल्या रेककडे बघा. बाजूच्या उभ्या पट्ट्यांच्या मधल्या पत्र्यावर असे उजळ ओघळ ओळीनं दिसतात. मॉडेलवर मात्र सगळे ओघळ गडदच. गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, वरून खाली ओढायला शिकवलेलं असतं म्हणून ओढतात. मळाचा ओघळ रंग लावून नव्हे, रंग काढून करायचा असतो. आधी मळाचा पातळ थर सगळीकडे द्या आणि तो पक्का व्हायच्या आत, थिनरनं जेमतेम ओलसर केलेल्या चपट्या ब्रशनं वरून खाली एकेक रेघ पुसा. प्रत्येक रेघेनंतर ब्रश कापडाला पुसा. ही एक गोष्ट जमली तरी डबा एकदम खरा वाटू लागतो.

पावसाळ्याची आणखी एक खूण म्हणजे डब्याच्या पुढच्या-मागच्या भिंतीवर बरोबर चाकांच्या रेषेत चिखलाचे दोन उभे पट्टे उमटतात. हाही मळच, गंज नाही.

आपल्याकडे घोळ वाढायचं एक कारण म्हणजे बॉक्सएनचा मूळ रंगच तपकिरी, रेड ऑक्साइड. त्यातलं रंगद्रव्यही गंजासारखं लोह ऑक्साइडच. तपकिरीवर तपकिरी गंज उठून दिसत नाही, म्हणून लोक तो उठावा यासाठी त्यात नारिंगी ओततात. संत्र्याच्या सालीसारखा तो भडक रंग ताज्या गंजाचा, तोही नखाएवढ्या जागेत. मुरलेला गंज गडद, जवळजवळ काळा असतो. मी नारिंगी रंगाची बाटली एअरब्रशच्या, म्हणजे हवेनं रंग फवारणाऱ्या पिचकारीच्या, आसपासही ठेवत नाही. ती फक्त बारीक ब्रशनं, तीही गडद गाभ्याच्या आत.

बॉक्सएनएचएल हा बॉक्सएनचाच नंतरचा प्रकार बनवणाऱ्यांनी तर आणखी जपावं. त्याचा वरचा डबा स्टेनलेस स्टीलचा असतो. त्यावर पातळ तपकिरी राप दिसतो, पण फोड, पोपडे आणि खड्डे साध्या पोलादासारखे येत नाहीत. या डब्यावर चिपिंग करून, म्हणजे रंगाचे टवके उडाल्यासारखं रंगवून, गंजाचे खड्डे दाखवणं सरळ चूक आहे.

गंज मोकळ्या हातानं द्यावा अशी एक जागा मात्र आहे, आणि नेमकी तीच लोक कोरी सोडतात: उघड्या डब्याची आतली बाजू. वरून कोळसा आदळतो, डबा उलटा करून रिकामा करणाऱ्या टिपलर यंत्रावर तोच कोळसा भिंती घासत बाहेर पडतो. आत रंग टिकत नाही. उघडा पत्रा, गडद गंज, मधूनमधून घासून चकाकलेले पट्टे आणि कोपऱ्यांत काळी पूड. आतून नवाकोरा आणि बाहेरून कुजलेला डबा दिसला की बनवणाऱ्यानं खरा डबा कधी वरून पाहिला नाही हे कळतं.

इंजिनाचं थोडक्यात. अजनी शेडच्या वॅग-९ सारखी मालगाडीची विजेची इंजिनं धुतली जातात, त्यामुळे गंज जवळजवळ नाहीच. त्यात रीजनरेटिव्ह ब्रेक, म्हणजे मोटरच वेग कमी करते असा ब्रेक, असल्यानं ब्लॉकवरचा भारही कमी, म्हणून बोगीवर तांबूसपणा डब्यांपेक्षा कमी आणि राखाडी धूळ जास्त ठेवावी. छतावर पेंटोग्राफच्या, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या, झिजेचा काळपट थर. चाकांची रुळावर टेकणारी कड कोणत्याही वाहनाची रंगवू नये. खरी चाकं तिथे चांदीसारखी लखलखतात, आणि मॉडेल इंजिनाला वीजही तिथूनच मिळते.

नागपूरच्या मोतीबागमधल्या नॅरोगेज संग्रहालयातले फोटो घेऊन वेदरिंगला, म्हणजे मॉडेल वापरलेलं, मळलेलं दिसेल असं रंगवायला, बसणाऱ्यांना एक विनंती आहे. संग्रहालय फार मोलाचं आहे. ७६२ मिलिमीटरच्या त्या गाड्यांचे रिव्हेट, पायऱ्या, ब्रेकचे दांडे इतक्या जवळून बघायला मिळतात, मोजमापासाठी जरूर जा. पण जपून, रंगवून उभ्या ठेवलेल्या गाडीवर ब्रेकची भुकटी नसते. मळ धावण्यातून येतो, तो बघायचा तर धावती मालगाडीच बघायला हवी.

दोन्ही नीट समजले की कामाचा क्रम आपोआप ठरतो. गंज रंगाच्या थरातला, म्हणून आधी. गडद तपकिरी स्पंजच्या तुकड्यानं टिपायचा, आत सुईच्या टोकाएवढा नारिंगी, आणि ओघळाला बर्न्ट सिएना ऑइल कलरचा कण टर्पेंटाइननं खाली ओढायचा. मग मॅट वार्निश. मळ त्याच्यावर. एअरब्रशमध्ये रंग अगदी पातळ करून, खालून, चाकांच्या उंचीवरून फवारायचा. मे महिन्यात आपल्याकडे ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळतं, म्हणून मी हे काम पहाटे उरकतो किंवा सरळ इनॅमल वापरतो.

कोरड्या पुडीसाठी महागडे पिगमेंट लागतात असं मला वाटत नाही. किराणा दुकानातला गेरू मलमलीतून दोनदा चाळला की ब्रेकच्या भुकटीचा पाया तयार. त्यात कोळशाची पूड घालून तो काळवंडवायचा आणि धुळीसाठी चिमूटभर मुलतानी माती. मऊ ब्रशनं खोबणीत टाकायची आणि वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडायचा. वाळल्यावर ती सहज उडत नाही.

सगळ्यात शेवटी ओल्या कापसाच्या काडीनं नंबरावरचा मळ थोडा पुसतो आणि टोकदार पांढऱ्या पेन्सिलीनं बाजूच्या पत्र्यावर खडूची एक तिरकी खूण करतो. यार्डात तपासणारा माणूस खडू मळावरच चालवतो, म्हणून ती खूण सगळ्या थरांच्या वर हवी. ती कुठे आणि कशी करायची ते मामांनी माझ्या दुसऱ्या डब्यावर स्वतः पेन्सिल धरून दाखवलं. तो डबा मी अजून पुन्हा रंगवलेला नाही.