शिंगरू शिकतं ते दोर सैल झाल्यावर

मोहरकी, म्हणजे डोक्याला बांधायची लगामाविना दोरी, घालून शिंगराला पुढे ओढलं, की ते मागे रेटतं. हा हट्ट नव्हे. मानेवर ताण आला की घोडा आपसूक उलट जोर लावतो. म्हणून दोरीला बोटांनी देता येईल एवढाच ताण द्या आणि तो तसाच धरून ठेवा. शिंगरानं एक पाय उचलला, नुसता अंगाचा भार पुढे टाकला, तरी त्याच क्षणी दोर सैल सोडा. त्याला धडा मिळतो तो या सैल होण्यातून. दोन-तीन सेकंदांचा उशीरही महागात पडतो. तेवढ्यात त्यानं मान झटकली आणि नेमका तेव्हा दोर ढिला पडला, तर मान झटकली की सुटका होते, हेच त्याच्या डोक्यात बसतं. खोडकर म्हणून बदनाम झालेली कितीतरी जनावरं अशीच घडलेली असतात, आणि मार मात्र तीच खातात.

घोड्याला कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनं जवळ जावं. मानेच्या बुडाशी, खांद्यांमधल्या उंचवट्यापुढे खाजवावं. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात आणि त्यानं हृदयाचे ठोके मंदावतात. थोपटण्यापेक्षा हे बक्षीस खरं.

खोगिराआधी घडी घातलेलं कांबळं हुंगू द्या, खांद्याला लावा आणि शिंगरू बिचकून सरकण्याआधीच काढून घ्या. मग पाठीवर ठेवा. डावीकडून सरावलेलं शिंगरू उजवीकडून दचकतं, म्हणून सगळं दोन्ही बाजूंनी करायचं. सगळ्यात जास्त बिघडतं ते तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना. पहिल्यांदा खोगीर घसरणार नाही एवढाच आवळा, दहा पावलं चालवा, एक भोक वाढवा, पुन्हा चालवा. एका दमात करकचून आवळलेला घोडा उधळतो, आणि पुढे तंग दिसताच चावायला धावतो. नुसता उभा आहे म्हणजे शांत आहे, असं समजू नका: ताठ मान, दाबलेली शेपटी आणि रोखलेला श्वास ही भीतीचीच खूण. अशा वेळी एक पायरी मागे या.

वयाची घाई नको. पुढच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांपर्यंत चालते, कण्याची पाच-सहा वर्षांपर्यंत. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शिंगरू घेताना दात पाहावेत: समोरचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात ते अडीचच्या सुमारास. याच काळात पुढच्या दाढाही बदलू लागतात. हिरड्या दुखत असताना तोंडात लोखंडी लगाम घातला, की घोडा डोकं वर फेकायला शिकतो. तोवर मोहरकीवरच काम करावं.

तीन वर्षांनंतर हलका स्वार चालेल. साडेतीनशे किलोच्या मोठ्या घोड्यावरही खोगिरासह सत्तर किलोंहून जास्त भार नसावा. शिंगरावर पन्नासच्या आत ठेवा. पहिल्या दिवशी रिकिबीत, म्हणजे खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीत, पाय घालू नका. एकानं मोहरकी सैल धरावी, दुसऱ्यानं स्टुलावरून पोटावर आडवं होत पाठीवर भार द्यावा, तीन श्वास थांबावं आणि शिंगरू शांत असतानाच उतरावं. दुसऱ्या दिवशी सुरुवात पुन्हा कांबळ्यापासून.