निकालाची टक्केवारी म्हणजे शिक्षकाचं प्रगतिपुस्तक नव्हे

‘ज्याच्या वर्गाचा निकाल चांगला, तो शिक्षक चांगला.’ हे आपण इतकी वर्षं ऐकत आलोय की तपासून बघावंसंही वाटत नाही. पण ते चूक आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ साली स्पष्ट म्हटलं होतं की, विद्यार्थ्यांच्या गुणांमध्ये जो फरक दिसतो, त्यात शिक्षकांचा वाटा बहुतेक अभ्यासांत १ ते १४ टक्केच निघतो. बाकी घर, आधीची तयारी, शाळेची व्यवस्था.

म्हणून शिक्षक कसा शिकवतो हे जोखायला वर्गात जाऊन बसावं लागतं, तेही एकदाच नाही. मागच्या बाकावरच्या मुलीचं उत्तर चुकलं. बाई ‘चूक, बस खाली’ म्हणून पुढे गेल्या, की ‘हे कसं काढलंस, फळ्यावर दाखव बरं’ म्हणाल्या? माझ्या मते हे अर्धं मिनिट अख्ख्या गुणपत्रकापेक्षा जास्त सांगून जातं. दोन निरीक्षक वेगवेगळ्या दिवशी आले, तर एकाच्याच मर्जीवर सगळं अवलंबून राहत नाही. जोडीला वह्या आणि मुलांचं म्हणणंही हवं.

मुख्याध्यापकांना जोखतानाही निकाल पुरत नाही; त्यांचं काम तर शिक्षकांमार्फतच मुलांपर्यंत पोचतं. नवे शिक्षक त्यांच्या हाताखाली टिकतात का, तास पाहिल्यावर ते शिक्षकाशी बसून बोलतात का, हे आधी विचारा.