घरच्या संगणकावरील अँटिव्हायरस काढणे व बदलणे

संगणकावर चालू असलेला अँटिव्हायरस पूर्णपणे उतरवून त्या जागी दुसरा बसवणे, किंवा विंडोजमध्ये आधीपासूनच असलेल्या डिफेंडर या मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसवर संगणक सोपवणे, अशी ही प्रक्रिया आहे. ती वेळ साधारणपणे चार कारणांनी येते. वर्षाची मुदत संपते, संगणक रखडतो, नव्या लॅपटॉपसोबत आलेली चाचणी आवृत्ती सतत नूतनीकरण मागत राहते, किंवा टॅलीवरच्या हिशेबासारखे रोजचे काम अडते. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवरच्या किंवा सिडकोतल्या दुकानातून संगणक घेतला की अँटिव्हायरसचा डबा बहुतेक वेळा सोबतच येतो. त्यात पुण्याचे क्विक हील आणि नेट प्रोटेक्टर यांचा वाटा मोठा. बसवून द्यायचे काम दुकानदार करतो, काढायची वेळ मात्र घरच्यांवर येते. आणि अँटिव्हायरस काढणे हे बसवण्यापेक्षा अवघड आहे.

अवघड का, हे समजले तर पुढची प्रत्येक पायरी का करायची तेही कळते. वर्ड किंवा टॅली हे प्रोग्रॅम विंडोजच्या वरच्या थरात चालतात. अँटिव्हायरस त्याखालच्या कर्नेलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या थरात ड्रायव्हर हा आपला पहारेकरी प्रोग्रॅम बसवतो. कोणतीही फाइल उघडली की ती आधी या ड्रायव्हरपुढून जाते, त्याने हिरवा कंदील दिला की मगच उघडते. फाइल सिस्टिमवर नजर ठेवणाऱ्या अशा ड्रायव्हरला मिनीफिल्टर म्हणतात. मायक्रोसॉफ्टने प्रत्येक मिनीफिल्टरला क्रमांक नेमून दिलेला असून अँटिव्हायरससाठी ३२०००० ते ३२९९९९ हा पट्टा राखून ठेवला आहे. डिफेंडरच्या डब्ल्यूडीफिल्टर या ड्रायव्हरचा क्रमांक ३२८०१० आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरे टाइप केली की सगळे मिनीफिल्टर क्रमांकासह समोर येतात. त्या पट्ट्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर दिसले, तर संगणक कशाने रखडला हे बहुतेक तिथेच समजते.

दोन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत. एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसराही तपासायला घेतो, एकाने क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या कोंडवाड्यात टाकलेली फाइल दुसऱ्याला धोका वाटते, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर अडकतो. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर याचा त्रास सर्वांत जास्त होतो. म्हणून जुना पूर्ण उतरल्याशिवाय नवा बसवू नये.

यातून डिफेंडर सुटतो, कारण तो स्वतःहून बाजूला होतो. दुसरा अँटिव्हायरस बसला की तो विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरकडे नोंद करतो, ती नोंद पाहून डिफेंडर थांबतो, आणि नोंद गेली की पुन्हा चालू होतो. ही सोय विंडोज १० आणि ११ मध्ये आहे. विंडोज ७ मधला डिफेंडर केवळ स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पाहणारा होता, त्यामुळे तिथे अँटिव्हायरस काढला की संगणक उघडाच राहतो. विंडोज ७ ला सुरक्षा अद्यतने मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. अशा संगणकावर कोणताही अँटिव्हायरस टाकला तरी बँकेचे व्यवहार करू नयेत. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण डिफेंडरच्या विषाणू-व्याख्या, म्हणजे विषाणू ओळखायच्या खुणांच्या याद्या, त्यावर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत.

काढण्यापूर्वीची तयारी

सर्वांत आधी प्रॉडक्ट की, म्हणजे खरेदीसोबत मिळालेला सांकेतिक क्रमांक, लिहून ठेवावी. मुदत शिल्लक असेल तर तीच की पुढे लागते. ती कोणत्या मोबाइल नंबरवर आणि ईमेलवर नोंदवली आहे, हेही पाहावे. दुकानात बसवलेल्या अँटिव्हायरसची नोंद पुष्कळदा दुकानाच्याच ईमेलवर असते आणि नूतनीकरणाची पत्रे तिकडेच जातात.

नंतर क्वारंटाइन उघडून पाहावे. अँटिव्हायरस उतरला की त्यातल्या फाइलीही सहसा जातात, म्हणून चुकून अडकलेली कामाची फाइल आधी सोडवून घ्यावी. पासवर्ड मॅनेजर किंवा कुलूपबंद व्हॉल्ट अँटिव्हायरससोबत आलेला असेल, तर त्यातले सगळे बाहेर काढल्याशिवाय पुढे जाऊच नये. व्हॉल्टमधली कागदपत्रे त्याच सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेली असतात. ते गेले की ती नुसती निरुपयोगी फाइल उरते.

ऑटो-रिन्यूअल बंद करणे हे वेगळे काम आहे. सॉफ्टवेअर काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती कंपनीच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यातून किंवा यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतून थांबवावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. सूचनेचा एसएमएस नजरेतून सुटला की पैसे गेले.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कूटबद्ध, म्हणजे कुलूपबंद असू शकते, आणि सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करण्याच्या रीतीत) जाताना संगणक ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. आधीच पाहून कागदावर उतरवून ठेवावी, कारण ऐन वेळी समोरचा संगणक बंद असतो.

नव्या अँटिव्हायरसची इन्स्टॉल फाइल आणि जुन्याचे मागे राहिलेले अवशेष पुसणारे रिमूव्हल टूल, दोन्ही आधीच उतरवून ठेवावे. ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीतून घेतलेले ‘अनइन्स्टॉलर’ अनेकदा स्वतःच उपद्रवी असतात. डेस्कटॉप असेल तर यूपीएस चालू आहे ना ते पाहावे, लॅपटॉप चार्जरला लावावा. मे-जूनमध्ये वळवाचा पाऊस सुरू झाला की नाशिकमध्ये वीज कधीही जाते, आणि ड्रायव्हर निम्मा उतरलेला असताना संगणक बंद पडणे हा या कामातला सर्वांत वाईट प्रसंग.

काढण्याची रीत

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स या वाटेने जाऊन नावापुढच्या तीन टिंबांवर अनइन्स्टॉल निवडावे. सी ड्राइव्हमधला फोल्डर हाताने डिलीट करू नये. स्वसंरक्षणाची सोय चालू असल्याने तो बहुधा जातच नाही, आणि गेलाच तर ड्रायव्हरची नोंद मागे राहून विंडोज सुरू होताना अडखळते. अनइन्स्टॉल नाकारले गेले तर अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन सेल्फ प्रोटेक्शन बंद करावे. पासवर्ड मागितला तर तो बसवून देणाऱ्याने टाकलेला असू शकतो, त्याला विचारावे.

क्विक हील काढताना दोन पर्याय येतात. अद्यतनांच्या फाइली ठेवून काढणे हा पहिला, पूर्ण काढणे हा दुसरा. तेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचे असेल तरच पहिला घ्यावा, कंपनी बदलायची असेल तर दुसरा. याच टप्प्यावर प्रॉडक्ट की दिसते आणि ती फाइलमध्ये साठवण्याचे बटणही असते.

यानंतर संगणक रीस्टार्ट करावा. इथे शट डाउन करून पुन्हा चालू करणे चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज कर्नेलची स्थिती डिस्कवर साठवते आणि पुन्हा तीच उचलते. ड्रायव्हर खऱ्या अर्थाने उतरतात ते रीस्टार्टमध्ये. काढले तरी गेले नाही, अशा तक्रारी पुष्कळदा एवढ्याने मिटतात.

मग रिमूव्हल टूल चालवावे. नॉर्टन, मॅकॅफी, अवास्ट, एव्हीजी, कॅस्परस्की, ईसेट, बिटडिफेंडर या सर्वांची स्वतःची टूल आहेत. ईसेटचे टूल सेफ मोडमध्येच चालवायचे असते. सेफ मोडसाठी शिफ्ट दाबून रीस्टार्टवर क्लिक करावे, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि शेवटी ४ चा आकडा. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सेवा बंद असते, त्यामुळे नेहमीचे अनइन्स्टॉल तिथे बहुधा चालत नाही. म्हणून हा क्रम उलटा करू नये. टूलचे काम झाले की पुन्हा रीस्टार्ट.

मागे काय राहते

सर्वांत जास्त घाबरवणारा बिघाड म्हणजे इंटरनेट बंद पडणे. वायफाय जोडलेले दिसते, पण पान उघडत नाही. अशा वेळी इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन वायफायवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे. तिथल्या यादीत जुन्या अँटिव्हायरसच्या नावाचा ‘फिल्टर’ शिल्लक असेल, तर तो निवडून अनइन्स्टॉल करावा. तेवढ्याने भागले नाही तर सेटिंग्जमधले नेटवर्क रीसेट वापरावे. त्यानंतर वायफायचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो.

दुसरी खूण ब्राउझरमध्ये दिसते. सुरक्षित संकेतस्थळांची तपासणी करण्यासाठी काही अँटिव्हायरस स्वतःचे रूट सर्टिफिकेट, म्हणजे संगणकाने विश्वास ठेवावा असे ओळखपत्र, बसवतात. ते मागे राहिले तर काढून टाकावे. स्टार्टमध्ये ‘मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स’ शोधले की ट्रस्टेड रूटच्या यादीत कंपनीच्या नावाने ते सापडते. ब्राउझरमधली एक्स्टेंशन आणि बदललेले सर्च पानही त्याच वेळी पाहून घ्यावे.

तिसरे, जुने ड्रायव्हर. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटीखाली कोअर आयसोलेशन उघडून मेमरी इंटिग्रिटी चालू करून पाहावी. एखादा विसंगत ड्रायव्हर आड येत असेल तर विंडोज त्याचे नाव सांगते, आणि त्यावरून तो कोणत्या कंपनीचा हे समजते.

शेवटी विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स उघडावे. अँटिव्हायरसखाली एकच नाव चालू दिसले पाहिजे. जुन्याची नोंद तशीच राहिली असेल तर डिफेंडर चालू होत नाही. अशा वेळी रिमूव्हल टूल पुन्हा चालवणे हा पहिला उपाय. नवा रक्षक खरोखर जागा आहे का, हे पाहण्यासाठी ईआयसीएआर या संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल तिच्या संकेतस्थळावरून उतरवावी. ती उतरताच पकडली गेली नाही, तर संरक्षण चालू नाही असे समजावे.

बदलल्यानंतर

व्याख्या अद्ययावत करून पहिला पूर्ण स्कॅन करावा. १ टीबीच्या फिरत्या डिस्कवर त्याला तासन्‌तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवणे बरे. शंका असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच, साधारण १५ मिनिटांत तपासणी करतो. दुसरे मत हवे तर दुसरा अँटिव्हायरस बसवण्याऐवजी एकदाच चालणारे साधन वापरावे. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवस चालतो. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची बॉट, म्हणजे संगणक परस्पर दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम, काढणारी मोफत साधनेही आहेत. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले.

घरी टॅली, जीएसटी किंवा द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांचे काम चालत असेल, तर अपवादांची, म्हणजे अँटिव्हायरसने तपासू नयेत अशा फोल्डरांची यादी नव्याने भरावी लागते, कारण जुन्यासोबत ती गेलेली असते. टॅलीचा डेटा फोल्डर अपवादात टाकावा, सगळा सी ड्राइव्ह कधीही नाही. डिजिटल सही चालेनाशी झाली तर सहीचे यूएसबी टोकन बिघडले असे लगेच समजू नये. ईएमसायनरसारखा सहीचा प्रोग्रॅम ब्राउझरशी संगणकातल्या संगणकात बोलतो, आणि नव्या अँटिव्हायरसचे वेब संरक्षण किंवा फायरवॉल ते बोलणे अडवते. जीएसटी विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी अँटिव्हायरस बदलू नये, तो याचसाठी.

अँटिव्हायरस काढल्यानंतरही ‘तुमचे संरक्षण संपले’ अशा पाट्या येत राहिल्या, तर त्या बहुधा एखाद्या संकेतस्थळाला दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीमुळे येतात. ती परवानगी क्रोमच्या साइट सेटिंग्जमधून काढून टाकावी. पाटीवरच्या क्रमांकावर फोन करू नये आणि कोणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क हे संगणक दुरून दुसऱ्याच्या ताब्यात देणारे ॲप उघडू नये. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना घरी दिलेल्या लॅपटॉपवर यातले काहीही करू नये. तिथला अँटिव्हायरस कंपनीच्या सर्व्हरवरून चालतो आणि तो काढण्याचा अधिकार तिथल्या आयटी विभागाचाच.

घरगुती वापराला अद्ययावत विंडोजसह डिफेंडर बहुतेकांना पुरतो. मुलांच्या वापरावर नियंत्रण किंवा मराठी-हिंदीतून फोनवर मदत हवी असेल, तर विकतचा घेण्यात अर्थ आहे. अडलेला अँटिव्हायरस पाहून ‘फॉरमॅट मारू’ असा सल्ला मिळतो, पण रिमूव्हल टूल आणि सेफ मोड करून पाहिल्याशिवाय तो मान्य करू नये. फॉरमॅटमध्ये श्रीलिपीसारखे जुने मराठी टंक, टोकनचे ड्रायव्हर आणि प्रिंटरची जुळणीही जाते. तो टाळता आलाच नाही, तर डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा आणि ब्राउझरचे पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर घेऊन, ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी आणि मगच संगणक दुकानात न्यावा.